द्राक्षांच्या देशात जिभेची शाळा

आपल्या प्रत्येक लहानमोठ्या गावात एसटी स्टँडच्या आसपास ‘वाइन शॉप’ अशी पाटी असतेच. आत रम असते, व्हिस्की असते, बिअर असते आणि खरी वाइन म्हणाल तर वरच्या फळीवर धूळ खात बसलेल्या दोन-चार बाटल्या. त्या पाटीसमोरून जाताना आपण पदर सावरतो, पावलं जरा भराभर टाकतो. ‘वाइन’ या शब्दाशी आपल्यापैकी बहुतेकींची ओळख ती एवढीच.

त्यात जानेवारी २०२२ मध्ये आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळानं सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला. केवढं वादळ उठलं होतं, आठवतं ना? ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ असं एक वाक्य त्या दिवसांत फार ऐकू यायचं. ज्या राज्यात बायकांनी रांगा लावून ‘आडवी बाटली’ला मतं दिली आणि गावची दुकानं बंद पाडली, त्या राज्यातल्या बायकांना हे वाक्य कुणीही येऊन ऐकवावं, आणि खरं काय नि खोटं काय हे आपल्याला सांगता येऊ नये, याचं मला वाईट वाटायचं. ज्या गोष्टीनं कितीतरी संसारांची माती झालेली आपण बघतो, तिच्याविषयी आपलं ज्ञान शून्य!

तेव्हा मैत्रिणींनो, आज मी चक्क वाइनवर लिहिणार आहे. भुवया उंचावू नका. हा लेख ‘प्या’ म्हणून सांगणारा नाही. चाखणं म्हणजे काय, आणि ते शिकवणारी शाळा कशी असते, एवढंच सांगणार आहे.

तस्त हवंच!

माझे धाकटे दीर आणि जाऊबाई माद्रिदला असतात. मे महिन्याच्या सुट्टीत शाळेला कुलूप लागलं आणि आम्ही उभयता तीन आठवडे त्यांच्याकडे जाऊन आलो. स्पेनमध्ये वाइन बनवण्याच्या आणि मुरवण्याच्या जागेला ‘बोदेगा’ म्हणतात आणि चव घेण्याच्या कार्यक्रमाला ‘काता’. थोडे पैसे भरून कुणालाही काताला बसता येतं. जाऊबाईंनी आमची दोन ठिकाणी नावं घातली होती. फोनवर सासूबाईंना सांगितलं, तेव्हा त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “बघा, शिका, पण घोट गिळू नका म्हणजे झालं.”

आणि गंमत अशी, की कातामध्ये खरोखरच गिळत नाहीत! प्रत्येकाच्या पुढ्यात पेल्यांबरोबर एक भांडं ठेवलेलं असतं. आपल्या आजीच्या खोलीत पानाच्या डब्याशेजारी तस्त असायचं ना, अगदी तसं. घोट तोंडात घ्यायचा, घोळवायचा आणि तस्तात टाकायचा. त्यात कुणाला संकोच नाही. उलट जी मंडळी या धंद्यात आहेत ती सकाळपासून पन्नास-पन्नास वाइन चाखतात. ती गिळायला लागली तर दुपारी घरी कशी जाणार?

हिशेबच करा. एका वेळी साधारण ४० मिलिलिटर वाइन ओततात. सहा प्रकार चाखले म्हणजे २४० मिलिलिटर झाले. स्पेनच्या तांबड्या वाइनमध्ये साधारण १३ ते १४ टक्के मद्यार्क असतो. म्हणजे सहाही घोट पोटात गेले तर सुमारे २५ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल गेलं. ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ या वाक्याचं उत्तर या आकड्यात आहे.

जिभेआधी नाक

चाखण्याची रीत ठरलेली आहे आणि ती कळली की अर्धी भीती जाते. पेला देठाशी धरायचा, म्हणजे हाताच्या उबेनं आतला पदार्थ तापत नाही. आधी पांढऱ्या कागदावर तिरका धरून रंग पाहायचा. तांबडी वाइन तरुण असेल तर जांभळट दिसते आणि म्हातारी होत गेली की कडेनं विटकरी होते. पांढरीचं उलटं, ती वयानं गडद होत जाते. मग पेला न हलवता वास घ्यायचा, मग गोल फिरवून पुन्हा घ्यायचा. फिरवल्यावर वास कसा खुलतो ते पाहून मला कढत तुपात पडलेल्या जिऱ्याची आठवण झाली. त्यानंतर छोटा घोट. क्रमही ठरलेला. हलकीपासून जड, कोरडीपासून गोड. जेवणात आपण आधी श्रीखंड खाऊन मग वरणभाताला हात घालत नाही, तसंच हे.

चवीचे शब्द ऐकताना मात्र मला आपल्या भाषेचा फार अभिमान वाटला. तांबड्या वाइननं जीभ आणि हिरड्या आवळल्यासारख्या होतात. हे द्राक्षाच्या सालीतल्या, बियांतल्या आणि लाकडी पिंपातल्या टॅनिनमुळे होतं. आमच्या बाकावरची परदेशी मंडळी ते सांगायला शब्द शोधत होती. कुणी म्हणे खरखरीत, कुणी म्हणे कोरडं. आपल्याकडे सहा रसांत ‘तुरट’ हा रस आधीपासून मांडून ठेवलेला आहे! जांभूळ, कच्चं केळं, सुपारी, फार उकळलेला चहा हे सगळं त्याच घराण्यातलं.

हळवं द्राक्ष आणि खोबऱ्याचा वास

आमचा पहिला काता झाला उत्तर स्पेनमधल्या रिओहा भागात, आरो नावाच्या गावी. आपल्या पैठणीला, हापूसला जसं भौगोलिक नावाचं संरक्षण असतं, तसं तिकडं वाइनला फार आधीपासून आहे. रिओहाचं नाव १९२५ सालीच संरक्षित झालं आणि १९९१ मध्ये स्पेनमधला सर्वांत वरचा दर्जा पहिल्यांदा याच भागाला मिळाला.

इथलं मुख्य द्राक्ष टेंप्रानियो. स्पॅनिश भाषेत ‘तेंप्रानो’ म्हणजे लवकर. हे द्राक्ष इतरांच्या आधी पिकतं म्हणून त्याचं हे नाव. आपल्याकडे भातात हळवं आणि गरवं असतं ना? तर हे हळवं द्राक्ष! आपल्या नाशिकच्या परिसरातही काही मळ्यांत ते लावलेलं आहे.

आरोला रेल्वे स्टेशनच्या भोवती एका ओळीनं जुन्या बोदेगा उभ्या आहेत. त्याचंही कारण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समधल्या द्राक्षवेली फायलोक्सेरा नावाच्या किडीनं मुळापासून खाऊन टाकल्या. तिथले व्यापारी माल शोधत डोंगर ओलांडून रिओहात आले आणि पिंपं गाडीत चढवायला सोयीचं म्हणून स्टेशनालगतच बोदेगा उभ्या राहिल्या. एकाची आपत्ती, दुसऱ्याचं भाग्य म्हणतात ते असं.

रिओहाची वाइन २२५ लिटरच्या ओक लाकडाच्या पिंपात मुरवतात. किती मुरली यावर तिचं नाव ठरतं. तांबड्या वाइनपुरतं सांगायचं तर ‘क्रिआंझा’ किमान दोन वर्षांची, त्यातलं एक वर्ष पिंपात; ‘रेझेर्वा’ तीन वर्षांची; आणि ‘ग्रान रेझेर्वा’ पाच वर्षांची, त्यातली किमान दोन पिंपात आणि दोन बाटलीत. बाटलीच्या पाठीवरच्या सरकारमान्य पट्टीच्या रंगावरूनही ते कळतं. क्रिआंझाला लाल, रेझेर्वाला गडद किरमिजी, ग्रान रेझेर्वाला निळी. लोणचं पहिल्या महिन्यातलं, वर्षाचं आणि तीन वर्षं मुरलेलं, यातला फरक ज्या बाईला कळतो तिला हे समजायला वेळ लागत नाही.

तिसरा पेला पुढ्यात आला आणि आमच्या मार्गदर्शक बाईंनी विचारलं, “कशाचा वास येतो? बिनचूक उत्तर असं काही नसतं. जे वाटेल ते सांगा.” सगळे एकमेकांकडे बघायला लागले. आमच्या ह्यांनी ‘छान आहे’ म्हणून वेळ मारून नेली. मी मात्र नाक पेल्यात घातलं आणि मला सुक्या खोबऱ्याच्या वाटीचा वास आला. फराळाच्या वेळी खोबऱ्याचा डबा उघडावा तसा. पाठोपाठ लवंग. मी धीर करून तसं सांगितलं. बाई चमकल्याच! म्हणाल्या, रिओहात पूर्वीपासून अमेरिकन ओकची पिंपं वापरतात आणि त्या लाकडातून खोबऱ्यासारखा, व्हॅनिलासारखा वास उतरतो. लवंगेचा वासही पिंपाचाच. मग उरलेला तासभर प्रत्येक पेल्याला त्या आधी माझ्याकडे बघायच्या.

मैत्रिणींनो, त्या तासाचं मला फार अप्रूप वाटलं. आमटीत मीठ कमी आहे हे घरात सगळे सांगतात. पण हिंग डब्यात जुना झालाय, डाळ यंदा वेगळ्या दुकानातली आहे, दूध उतू जायच्या आधी आज करपलंय, हे फक्त आपल्याला कळतं आणि त्याला कुणी विद्या म्हणत नाही. त्या परक्या देशात त्याच नाकाला लोक पैसे मोजून शिकवत होते. पंधरा-वीस वर्षं स्वयंपाकघरात काढलेली बाई त्या वर्गात पहिल्या बाकावरच बसते बरं का!

शेरीचं विरजण

दुसरा काता दक्षिणेला, जेरेझला. माद्रिदहून रेल्वेनं साधारण चार तास. या गावाच्या नावावरूनच इंग्रजांनी ‘शेरी’ हा शब्द केला. इथली जमीन खडूसारखी पांढरी, पाणी धरून ठेवणारी. मुख्य द्राक्ष पालोमिनो. बोदेगा मात्र जमिनीखाली नाहीत. उंच छताच्या, देवळासारख्या गार, आणि जमिनीवर पिवळी वाळू. उन्हाळ्यात त्या वाळूवर पाणी शिंपडून गारवा राखतात.

‘फिनो’ नावाची जी कोरडी शेरी असते, तिच्या पिंपात मुद्दाम वरचा भाग मोकळा ठेवतात. दुधावर साय धरावी तसा त्या वाइनवर यीस्टचा पांढरा थर धरतो. त्याला ते लोक ‘फ्लोर’ म्हणजे फूल म्हणतात. हे फूल वाइनला हवेपासून राखतं. मद्यार्क १५ टक्क्यांच्या आसपास ठेवला तर फूल जगतं, १७ च्या पुढं नेला की मरतं. मग वाइनला हवा लागते, ती तपकिरी होते, तिला अक्रोडाचा वास येतो आणि तिचं नाव ‘ओलोरोसो’ होतं. फिनोच्या पेल्यात मला आंबोळीच्या आंबलेल्या पिठाचा वास आला. तो यीस्टचाच, त्यामुळे त्यात नवल काही नाही.

पण मला सर्वांत आवडली ती त्यांची ‘सोलेरा’ पद्धत. पिंपांच्या रांगा एकावर एक रचलेल्या. अगदी खालच्या, जमिनीवरच्या रांगेतून थोडी वाइन काढायची. जेवढी काढली तेवढी वरच्या रांगेतून खाली घालायची, त्या रांगेत तिच्या वरच्या रांगेतून, आणि सर्वांत वर यंदाची नवी. पिंप कधीच पूर्ण रिकामं होत नाही. जुनी नवीला वळण लावते. आता सांगा, हे आपलं विरजणच नाही का? कालच्या दह्याचं आज विरजण, आजच्याचं उद्या. आईकडून आणलेलं दही सासरी वर्षानुवर्षं चालतं. वरच्या रांगांना ते ‘क्रिआदेरा’ म्हणतात. नव्या जिवाला वाढवण्याची जागा, म्हणजे रोपवाटिकाच.

शेवटी आली पेद्रो हिमेनेझ द्राक्षाची गोड वाइन. द्राक्षं उन्हात चटयांवर पसरून सुकवायची आणि मग रस काढायचा. काळीभोर, काकवीसारखी दाट. लिटरमागे तीन-चारशे ग्रॅम साखर! मी सांगलीची, त्यामुळे तासगावच्या बेदाण्याच्या शेडमध्ये शिरल्यासारखंच वाटलं. फरक एवढाच, की आपल्याकडे द्राक्षं जाळीवर सावलीत सुकवतात, तिकडं उन्हात.

आणखी एक घरगुती गोष्ट. वाइन नितळ करायला पूर्वी अंड्याचा पांढरा बलक वापरत. आजही काही ठिकाणी वापरतात. मग पिवळ्या बलकाचं काय करायचं? सांगतात, की जेरेझच्या बोदेगा तो मठातल्या जोगिणींना देऊन टाकत आणि त्यांनी त्यात नुसता साखरेचा पाक घालून वाफवून ‘तोसिनो दे सिएलो’ नावाचं गोड केलं. काही वाया घालवायचं नाही, हा बायकांचा धर्म सगळीकडे सारखाच! शाकाहारी मैत्रिणींनी मात्र एवढं ध्यानात ठेवावं, की वाइन नितळ करताना अंडं, जिलेटिन किंवा माशापासून केलेला पदार्थ वापरलेला असू शकतो.

परवानगीचा कागद

बोदेगात बाया दिसत होत्या. चव ठरवणाऱ्या, पिंपात लांब दांड्याची वाटी बुडवून उंचावरून पेल्यात धार धरणाऱ्या. मी कौतुक केलं तर जाऊबाई म्हणाल्या, “वहिनी, हे फार जुनं नाही हो.” १९७५ सालच्या मे महिन्यापर्यंत स्पेनमध्ये लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या संमतीशिवाय बँकेत खातं उघडता येत नसे, नोकरी धरता येत नसे! आपल्या आईच्या तरुणपणीची ही गोष्ट.

जेरेझच्या ‘एल माएस्त्रो सिएरा’ या बोदेगाची कथा मला म्हणूनच लक्षात राहिली. १८३० साली पिंपं बनवणाऱ्या एका कारागिरानं ती काढली. बड्या लोकांच्या धंद्यात हा कुठला सुतार, म्हणून इतरांनी त्याला फार छळलं म्हणे. त्यानं बाटलीच्या लेबलावर कोल्ह्याच्या शिकारीचं चित्र छापलं आणि तो कोल्हा म्हणजे आपणच, असं सुचवलं. पुढं १९७० च्या दशकात त्या घरातले कर्ते पुरुष गेले आणि त्यांच्या पत्नी पिलार प्ला यांनी कारभार हाती घेतला. पुढं इतिहास शिकवणारी मुलगीही जोडीला आली. विधवा बाईनं पिंपांच्या रांगांमधून फिरून माल जोखायचा, हे त्या गावाला तेव्हा नवंच होतं. आरोची १८७७ सालची लोपेस दे एरेदिया ही बोदेगाही आज चौथ्या पिढीतल्या भावंडांच्या हाती आहे आणि त्यात मारिया होसे आणि मेर्सेदेस या बहिणींचा मोठा वाटा आहे.

मग घ्यावी का?

आता तुम्ही विचाराल, एवढं सगळं कळल्यावर मग घ्यावी का? मी माझ्यापुरतं सांगते. दोन्ही ठिकाणी मी तस्ताचाच उपयोग केला आणि परत आल्यावर घरात बाटली आणली नाही. आमच्या शाळेत दर वर्षी दोन-तीन मुलं अशी असतात, की ज्यांच्या वहीवर रात्रीच्या भांडणात सांडलेल्या आमटीचे डाग असतात. त्यांच्या आईचं मंगळसूत्र कुठं गेलं हे मला विचारावं लागत नाही. ते बघितल्यावर ‘संस्कृती’ वगैरे मोठे शब्द माझ्या घशाखाली उतरत नाहीत.

शिवाय डॉक्टरी बाजूही स्वच्छ आहे. ‘रोज एक पेला हृदयाला चांगला’ असं पूर्वी फार छापून यायचं. जानेवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं स्पष्ट सांगितलं, की मद्याचं कुठलंही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही. स्तनांच्या कर्करोगाचा धोका थोड्या मद्यानंही वाढतो. ही माहिती बायकांना तर असायलाच हवी. दिवस असताना, अंगावर पाजत असताना, झोपेच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना तर नाहीच.

पण नकार देतानाही ज्ञान असलेलं बरं. ह्यांच्या ऑफिसच्या पार्टीत कुणी पेला पुढं करून “अहो वहिनी, ही नुसती द्राक्षांची, काही होत नाही” म्हणालं, तर खाली मान घालून ‘नको’ म्हणायचं कारण नाही. “१३ टक्के आहे, भाऊजी,” एवढं हसून सांगितलं की पुरतं. आणि परदेशी किंवा नाशिकच्या एखाद्या वायनरीत घरच्यांबरोबर जायचा योग आला, तर बाहेर बाकावर पर्स सांभाळत बसू नका. आत जा, तस्त मागून घ्या आणि शिका. रिकाम्या पोटी जाऊ नका, त्या दिवशी अत्तर आणि गजरा टाळा, आणि गाडी चालवणाऱ्यानं एकही घोट गिळायचा नाही, हे आधी ठरवा.

घरच्या घरी

जिभेची ही शाळा थेंबभर वाइनशिवायही भरते. रविवारी दुपारी मुलांना घेऊन बसा.

* एका चमच्याएवढी चहाची पावडर तीन कपांत वेगवेगळी घालून उकळतं पाणी ओता. पहिला कप दोन मिनिटांनी गाळा, दुसरा पाच, तिसरा दहा. दूध-साखर नको. तुरटपणा कसा चढत जातो ते कळेल. मग तिसऱ्या कपात चमचाभर दूध घाला. तो लगेच निवेल. तुरट वाइनबरोबर तिकडं चीज का देतात, त्याचं उत्तर इथं आहे.

* चार पेले पाणी घ्या. एक नुसतं, एकात लिंबू, एकात साखर, एकात दोन्ही. शेवटच्या पेल्यात साखर तेवढीच असून गोडी कमी का वाटते, ते मुलांनाच विचारा.

* नाक घट्ट दाबून बडीशेप चावा. नुसती थोडी गोडसर लागेल. नाक सोडलं, की बडीशेप ‘येते’. सर्दीत जेवण बेचव का लागतं, ते एका क्षणात कळतं.

* डोळे बांधून मसाल्याचे डबे ओळखायचे. जिरं, शहाजिरं, दगडफूल, जायपत्री, तमालपत्र. नुसतं नाव सांगून भागायचं नाही. वास कशासारखा आहे तेही सांगायचं.

या शेवटच्या खेळात पतिराजांनाही बसवा. आमच्याकडे हे दगडफुलाला तमालपत्र म्हणाले आणि सासूबाई पदराआड हसल्या. मग त्यांनीच डोळ्यांना रुमाल बांधून घेतला आणि एकामागून एक सगळे डबे अचूक ओळखले. वय वर्षं ७४! चाळीस-पन्नास वर्षं त्या नाकाच्या भरवशावर घर जेवलं, पण “तुम्हाला काय वास येतो?” असं त्यांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं. तुमच्या घरी हा प्रश्न कुणाला विचारायचा राहिला आहे, ते जरा आठवून पाहा.